विश्लेषण : बागेतल्या तळ्याचे पाणी हिरवे का होते? मोरचूद टाकून ते स्वच्छ होते का?

मार्च सरतो आणि अमरावती-अकोल्यातल्या बंगल्यांच्या अंगणातली, शाळांच्या आवारातली, मंगल कार्यालयांच्या दारातली छोटी तळी एकेक करून हिरवी होऊ लागतात. आधी तळ दिसेनासा होतो, मग मासे दिसेनासे होतात आणि आठवड्याभरात तळ्यात पालकाचे सूप ओतल्यासारखे वाटू लागते. मग कुणी तरी सांगते, थोडे मोरचूद टाका. दुसऱ्याचा भरवसा ब्लीचिंग पावडरवर असतो. तिसरा सगळे पाणी उपसून टँकर बोलावतो. तिन्ही उपायांनी पाणी एकदा स्वच्छ दिसते, हे खरे. पण पंधरा-वीस दिवसांत ते पुन्हा हिरवे होते आणि मधल्या काळात बरेचदा मासे मेलेले असतात. असे का होते आणि टिकाऊ उपाय कोणता?

हा हिरवा रंग नेमका कशाचा?

पाण्याला रंग देतात ते एकपेशीय शेवाळ. क्लोरेला, सिनेडेस्मस, युग्लीना ही त्यांतली नेहमीची नावे. एकेक पेशी जेमतेम काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. त्यामुळे कापडाने गाळून किंवा साध्या स्पंजच्या फिल्टरने हे पाणी स्वच्छ होत नाही. पेशी सरळ आरपार जातात.

हे शेवाळ बाहेरून आणावे लागत नाही. वाऱ्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांना चिकटून, नर्सरीतल्या कुंडीतून ते येतच असते. कोमट पाणी, भरपूर ऊन आणि विरघळलेले खत मिळाले की संख्या दिवसाला दुप्पट होऊ शकते. म्हणजे दहा दिवसांत हजारपट. ‘काल तर पाणी चांगले होते’ हे वाक्य म्हणूनच खोटे नसते.

पाण्याचा रंग त्यात कोण राहते यावर ठरतो, याचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार. एरवी हिरवट दिसणारे हे खारे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. उन्हाने पाणी आटून क्षार वाढले आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तिथे जोर धरला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. पावसाने पाणी वाढल्यावर रंगही ओसरला. रंग बदलण्यासाठी कुणी काही टाकले नव्हते. पाण्याची परिस्थिती बदलली होती. अंगणातल्या तळ्यालाही हाच नियम लागू आहे.

कोणते शेवाळ आहे, हे कसे ओळखायचे?

उपाय करण्याआधी हे ठरवावे लागते, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पाण्यात काठी फिरवून बाहेर काढावी. काठीला केसांसारख्या हिरव्या दोऱ्या गुंडाळून आल्या तर ते तंतुमय शेवाळ. ते निरुपद्रवी असते आणि काठीनेच गुंडाळून काढता येते. काठीला ऑइलपेंटसारखा निळसर-हिरवा थर लागला, पाण्याला कुबट वास असेल, तर सावध व्हावे. काठी स्वच्छ आली आणि पाणीच हिरवे असेल, तर ते एकपेशीय शेवाळ.

शंका असल्यास काचेची बरणी त्या पाण्याने भरून रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी हिरवा थर तळाशी बसला असेल तर साधे शेवाळ. वर तरंगून कडेने जमला असेल तर निळे-हिरवे शेवाळ असण्याची शक्यता मोठी. नावात शेवाळ असले तरी हे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतात. बोत्सवानात २०२० मध्ये तीनशेहून अधिक हत्ती मरून पडले, तेव्हा पाणवठ्यांतल्या सायनोबॅक्टेरियाच्या विषामुळे ते मेले असे तिथल्या सरकारने जाहीर केले होते. असा थर दिसला तर मुलांना, कुत्र्याला, गुराढोरांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे आणि हात घालायचा झाल्यास हातमोजे वापरावेत.

पाणी किती हिरवे आहे हे मोजायलाही सोपी युक्ती आहे. पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की ओली दोरी मोजायची. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रावर अशीच पांढरी तबकडी वापरली होती. जगभरचे तलाव आजही याच पद्धतीने मोजले जातात. बशी वीतभर खोलीवरच नाहीशी झाली तर शेवाळ धोक्याइतके दाट आहे. दीड-दोन फुटांपर्यंत दिसत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मत्स्यशेती करणारा तर याच हिरव्या रंगासाठी तळ्यात शेण टाकतो, कारण त्याच्या माशांचे अन्न त्यातूनच तयार होते. तेव्हा थोडा हिरवेपणा म्हणजे तळे बिघडले, असे नाही.

वऱ्हाडात त्रास जास्त का?

पहिले कारण ऊन. ४४-४५ अंशांच्या उन्हात दोन-अडीच फूट खोल तळ्याचे पाणी दुपारी चांगलेच तापते. दुसरे कारण बाष्पीभवन. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तळ्यातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडते. दहा फूट बाय सहा फुटांच्या तळ्यात याचा अर्थ रोज ५० लिटरहून अधिक. पाणी उडते, पण त्यातले क्षार आणि खत मागे राहते. वर पुन्हा बोअरचे पाणी सोडले की त्यातल्या क्षारांची भर पडते. चहा आटवत राहावा आणि मधूनमधून त्यात साखर घालत राहावी, तसा हा प्रकार.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या सलग भागात, ही अडचण आणखी मोठी. तिथले भूजलच खारे. अशा पाण्यावर तळे भरत राहिले तर मे अखेरीस कुमुदिनीची पाने कडेने करपतात, कमळ तग धरत नाही आणि शेवाळाशी स्पर्धा करणारे कुणी उरत नाही. या पट्ट्यात बागेतल्या तळ्यासाठी छतावरचे पावसाचे पाणी साठवणे हाच शहाणपणाचा मार्ग. हजार चौरस फुटांच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९०० लिटरहून अधिक पाणी मिळते.

तिसरे कारण मात्र हवामानाचे नाही, माणसाचे आहे.

शेवाळाला खत कुठून मिळते?

शेवाळाला नत्र, स्फुरद आणि कर्ब लागतात. यांतले नेमके काय आटोक्यात ठेवायचे, याचे उत्तर कॅनडातील एका प्रयोगाने दिले. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने १९७३ मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या एका निर्जन तलावाच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र टाकले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरद पडलेला भाग हिरवागार झाला, दुसरा निळाच राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रानंतर कपडे धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदाविरुद्धच्या मोहिमेला बळ मिळाले.

एक ग्रॅम स्फुरदावर सुमारे अर्धा किलो ओले शेवाळ वाढू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. आता घरातले पाहू. शेतात वापरतात त्या डीएपी खतात मूलद्रव्य स्वरूपातला स्फुरद साधारण २० टक्के असतो. गुलाबाच्या वाफ्यात टाकलेल्या डीएपीतली मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, पाण्याबरोबर तळ्यात वाहून गेली तर १० ग्रॅम स्फुरद गेला. पाच किलो शेवाळाची सोय झाली!

माशांच्या खाद्यातही साधारण एक टक्का स्फुरद असतो. घरातली मुले, आजोबा आणि आलेला प्रत्येक पाहुणा माशांना दाणे टाकतो. मासे वर येतात याची गंमत वाटते. महिन्याला अर्धा किलो खाद्य गेले तर पाच ग्रॅम स्फुरद पाण्यात आला. मासे ते खातात, पण त्यातला बराचसा विष्ठेवाटे परत पाण्यातच येतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ, देवपूजेचे निर्माल्य, अंगण धुतलेले साबणाचे पाणी, पहिल्या पावसात वाफ्यातून वाहून आलेली माती. तळ्याच्या बुडाशी साचलेला काळा गाळ म्हणजे या सगळ्याची बचत ठेव. उन्हाळ्यात ती व्याजासह बाहेर पडते.

अकोल्याच्या मोर्णा नदीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले आणि जलकुंभी काढली. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही त्या मोहिमेचे कौतुक झाले. लोकांच्या मेहनतीत काही कमी नव्हते. पण सांडपाण्याचे नाले नदीत येतच राहिले आणि जलकुंभीही परतत राहिली. वनस्पती काढली, तिचे जेवण तसेच राहिले.

मोरचूद टाकले तर काय होते?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग असलेल्या प्रत्येकाच्या घरात मोरचूद आणि चुना असतोच. डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट लावायची असते. त्यामुळे तळे हिरवे झाले की हात आपोआप त्या पुडीकडे जातो. शेवाळ मारण्यासाठी मोरचुदाचा वापर जुनाच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्येच पाणीपुरवठ्याच्या जलाशयांसाठी ही पद्धत सांगितली होती. ते शेवाळ मारते यात शंका नाही. अडचण मारल्यानंतर सुरू होते.

एका दिवसात मेलेले शेवाळ कुजू लागते. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. ३५ अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला सातच मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. थंडीत, २० अंशांना, तो नऊ मिलिग्रॅम असतो. दिवसा प्राणवायू तयार करणारे शेवाळ आता मेलेले आहे. रात्री साठा घसरत जातो आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा गिळू लागतात. सकाळी मालक चहाचा कप घेऊन येतो तेव्हा पाणी स्वच्छ आणि मासे उलटे झालेले असतात. ‘औषध कडक होते’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात बरेचदा माशांना तांब्याने मारलेले नसते, ते गुदमरून मेलेले असतात.

मात्रेचा प्रश्न वेगळाच. हे औषध हजार लिटरला ग्रॅमच्या हिशेबात मोजले जाते, मुठीने नाही. पावसाच्या मऊ पाण्यात थोडेसे तांबेही माशांना घातक ठरते, तर खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्यात तेच तांबे क्षारांशी जुळून तळाशी बसते आणि शेवाळावर फारसा परिणामच होत नाही. मग माणूस आणखी टाकतो. हे तांबे नष्ट होत नाही. गाळात साठत जाते. तो गाळ नंतर बागेच्या वाफ्यात पडतो. शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या पाणपिसवा आणि गोगलगाई आधीच मेलेल्या असतात. आणि कुजलेल्या शेवाळातला स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळा होतो. पंधरा-वीस दिवसांनी पाणी परत हिरवे होते, त्याचे हे कारण.

निळ्या-हिरव्या शेवाळावर मोरचूद टाकणे तर जास्तच धोक्याचे. पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात येते. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या धरणात शेवाळ दाटले म्हणून मोरचूद टाकण्यात आले. काही दिवसांत १४८ जण यकृताच्या आजाराने रुग्णालयात पोहोचले, त्यांत बहुतेक मुले होती. शेततळ्यात मोरचूद टाकणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात मेंढपाळांचे कळप अशा पाण्यावर येतात आणि मेंढीला तांबे अजिबात मानवत नाही.

ब्लीचिंग पावडरचे थोडक्यात सांगायचे तर, मासे असलेल्या तळ्यात ती टाकूच नये. रिकाम्या तळ्याच्या निर्जंतुकीकरणासाठी ती ठीक आहे.

सगळे पाणी बदलले तर?

तळे घासूनपुसून टँकरच्या पाण्याने भरले की दोन दिवस डोळे निवतात. पण गाळाबरोबर माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही धुऊन गेलेले असतात. ते पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शेवाळाला आठ दिवस पुरतात. त्यातही नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजते. पाणी बदलायचेच तर आठवड्याला एक-दशांश ते एक-पंचमांश बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघड्या टाकीत ठेवून मग सोडावे. काढलेले हिरवे पाणी गटारात सोडू नये. झाडांना ते उत्तम खत आहे.

मग नेमके करायचे काय?

तत्त्व एकच : शेवाळ उपाशी ठेवायचे आणि त्याचे ऊन तोडायचे.

सुरुवात खाद्यापासून. दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. पाणी हिरवे असताना आठवडाभर काहीच दिले नाही तरी मोठे मासे उपाशी मरत नाहीत. मासे मुळात किती आहेत तेही पाहावे. पाच बोटभर गोल्डफिश आणले होते, ते आता वीतभर झाले आहेत आणि तळे मात्र तेवढेच आहे, ही बहुतेक घरांतली कथा. काही मासे कुणाला तरी देऊन टाकणे हा फिल्टरपेक्षा स्वस्त उपाय आहे.

मग गाळ. पाइपने सायफन करून तळाचा काळा गाळ थोडा थोडा काढावा, आठवड्याला एक कोपरा. एकदम ढवळला तर त्यातला वायू आणि अमोनिया वर येतो. इथे सामूचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचा, संबंध येतो. दाट शेवाळ दुपारी पाण्यातला कर्बवायू ओढून घेते आणि सामू वाढतो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ८ असताना अमोनियाचा साडेसात टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो; सामू ९ झाला की तो ४५ टक्क्यांवर जातो. म्हणून गाळाचे काम सकाळी करावे, भर दुपारी नाही.

सावलीसाठी एप्रिल ते जूनदरम्यान तळ्यावर ५० टक्क्यांची शेडनेट ताणावी. नर्सरीवाले वापरतात तीच. दिसायला ती फार शोभिवंत नसते, पण बाष्पीभवनही कमी होते. कायमची सावली हवी असेल तर कुमुदिनी लावावी आणि पृष्ठभागाचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग तिच्या पानांनी झाकू द्यावा.

कारंजे असेल तर त्याची वेळ बदलावी. आपल्याकडे ते संध्याकाळी पाहुण्यांसाठी लावतात आणि झोपताना बंद करतात. माशांना त्याची खरी गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत असते. वीज वाचवायची असेल तर ते दिवसा बंद ठेवा. मृगाच्या आधीचे ढगाळ, उकाड्याचे दिवस विशेष जपावेत. ऊन नसल्याने शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, वापरते मात्र तेवढाच. माशांची मोठी मर याच दिवसांत होते.

फिल्टर म्हणून कर्दळ चालते?

उत्तम चालते. तळ्याच्या काठाला खडी भरलेला छोटा हौद करायचा, त्यात कर्दळ, पाणकणीस किंवा वाळा लावायचा आणि छोट्या पंपाने तळ्याचे पाणी त्यातून फिरवून परत तळ्यात सोडायचे. मुळे स्फुरद आणि नत्र ओढून घेतात, खडीवर जिवाणू बसतात. कुलरच्या ताट्यांमुळे वाळा वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे. तो कडक उन्हातही टिकतो. महत्त्वाचे हे की वाढलेली पाने वेळोवेळी कापून तळ्याबाहेर न्यायची. पाने तिथेच कुजली तर ओढलेले खत परत पाण्यात जाते.

जलकुंभी मात्र आणू नये. पाणी ती झपाट्याने स्वच्छ करते, हे खरे आहे. पण एखादे रोप नाल्यात गेले की पुढे काय होते, हे मोर्णाकाठच्या लोकांना सांगावे लागत नाही. ॲझोला जनावरांच्या चाऱ्यासाठी लावता येते, पण आपल्या मे महिन्यात सावलीशिवाय ती जगत नाही आणि मेली की तीच शेवाळाचे खत होते.

विदेशातल्या व्हिडीओंमध्ये बार्लीचा पेंढा पाण्यात टाकताना दाखवतात. ब्रिटनमध्ये त्यावर संशोधन झाले. काही तळ्यांत गुण आला, काहींत आला नाही. आपल्याकडे काही जण त्याऐवजी गव्हाचे कुटार टाकून पाहतात. तापलेल्या पाण्यात कुटार कुजताना प्राणवायूच संपवते, तेव्हा तो प्रयोग न केलेला बरा.

तुरटी आणि यूव्ही दिव्याचे काय?

तुरटी पाण्यातली माती आणि शेवाळाच्या पेशी एकत्र बांधून खाली बसवते, शिवाय स्फुरदही बांधून ठेवते. तेवढ्यापुरती ती मोरचुदापेक्षा बरी. पण ती पाणी आम्ल करते. पावसाच्या मऊ पाण्यात जास्त झाली तर मासे मरतात. म्हणून आधी बादलीत चाचणी घ्यावी. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. तळ्याच्या पाण्याच्या १० लिटरच्या तीन बादल्या भरा. त्यांत अनुक्रमे १०, २० आणि ४० मिलिलिटर द्रावण घालून हळू ढवळा आणि तासभर थांबा. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळले ती आपली. समजा २० मिलिलिटरची बादली निवळली, तर हजार लिटरला २० ग्रॅम तुरटी लागेल. दहा बाय सहा बाय अडीच फुटांच्या तळ्यात सुमारे ४,२५० लिटर पाणी असते. त्याला ८५ ग्रॅम. तीही सकाळी, दोन-तीन दिवसांत विभागून, आणि खाली बसलेला थर सायफनने काढून टाकायचा. खाद्य आणि गाळ तसाच ठेवून नुसती तुरटी टाकली तर महिन्याभरात पुन्हा टाकावी लागेल.

यूव्ही दिवा एकपेशीय शेवाळावर नक्की काम करतो. बंद नळीतून पाणी जाते, दिव्याच्या अतिनील किरणांनी पेशी मरून एकमेकींना चिकटतात आणि मग फिल्टरमध्ये अडकतात. तंतुमय शेवाळाला त्याचा उपयोग नाही, कारण ते पंपापर्यंत येतच नाही. दिवा साधारण वर्षभराने दुबळा होतो. निळा प्रकाश दिसत राहतो, पण काम होत नाही. बोअरच्या पाण्यात त्याच्या काचेवर पांढरा थर चढतो, तो लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसावा. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, तळ्याचेच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात.

गप्पी मासे सोडले तर शेवाळ कमी होते?

नाही. गप्पी डासांच्या अळ्या खातात आणि डेंग्यूच्या दिवसांत तळ्यात ते असलेच पाहिजेत. पण ते पाणपिसवाही खातात आणि पाणपिसवा शेवाळ खातात. त्यामुळे गप्पी वाढले की पाणी थोडे अधिक हिरवे होऊ शकते. डास आणि शेवाळ यांत निवड करायची वेळ आली तर हिरवे पाणी परवडले. शेवाळ गाळून खाणारा मासा म्हणजे सिल्वर कार्प; तो मोठा होतो, अंगणातल्या तळ्यात मावत नाही. शेततळ्यात चालतो. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, हिरव्या पाण्याचे तो काही करत नाही.

शेततळ्याला हेच लागू होते का?

कारणे तीच, पण नुकसान पैशांचे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर २०१६ पासून विदर्भात शेततळी वाढली. संत्र्याच्या बागेला ऐन उन्हाळ्यात याच पाण्यावर ठिबक चालते. ठिबकचा जाळीचा फिल्टर साधारण १३० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. शेवाळाच्या पेशी त्याहून कितीतरी लहान. त्या आत जातात, नळीत चिकट थर धरतात आणि ड्रिपर बंद पडतात. झाड सुकू लागल्यावरच ते लक्षात येते.

इथे संपूर्ण तळे स्वच्छ करण्याचा हट्ट धरू नये. पंपाचे फूटव्हॉल्व्ह रिकाम्या डब्यांच्या तराफ्याला बांधून पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर लटकते ठेवावे. वरची साय आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. जाळीच्या फिल्टरआधी वाळूचा फिल्टर हवाच आणि तो उलट्या प्रवाहाने नियमित धुवावा. क्लोरीन द्यायचे तर तळ्यात न टाकता ठिबकच्या मुख्य नळीत, शेवटच्या ड्रिपरपाशी लिटरला एक-दोन मिलिग्रॅम उरेल एवढ्या मात्रेत. तळ्याच्या काठाने फूटभर उंचीचा बांध असला की शेतातले खताचे पाणी आत येत नाही.

तंतुमय शेवाळ ओढून काढायचे असेल तर प्लास्टिकच्या अस्तरावर पाय देऊन एकट्याने उतरू नये. ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावरून पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्यात बुडून होणारे अनेक मृत्यू असेच घडतात. दोघांनी समोरासमोरच्या काठांवर उभे राहून, मध्ये जुनी मच्छरदाणी बांधलेला दोर ओढावा. काठाला खुंटी ठोकून, तळापर्यंत पोहोचेल असा गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम सोडून ठेवावी.